अकरा सातची नोंद

माझी शेवटची पोस्टिंग पुण्यात आली, तेव्हा घोरपडीतल्या आमच्या गल्लीत पेढे वाटले गेले. राजस्थानची वाळू, ईशान्येचा चिखल आणि काश्मीरचं बर्फ खाऊन झाल्यावर हवालदार दानिएल, म्हणजे मी, घरापासून सायकलच्या अंतरावर नोकरीला येत होतो. आई म्हणाली, "आता चार घास सुखाने खाशील." तिला मी ऑर्डर पूर्ण वाचून दाखवली नव्हती. पुढच्या ओळीत लिहिलं होतं: बॉम्ब डिस्पोजल प्लॅटून.

मी मुळात बोलका माणूस. बडा खाना, म्हणजे पलटणीची मोठी पंगत असली की स्टेजवर मला ढकलायचे आणि मी सुभेदार मेजरपासून लंगरच्या मांजरापर्यंत सगळ्यांच्या नकला करायचो. आज पन्नाशी उलटली तरी लग्नात, बारशात लोक खुर्ची ओढून म्हणतात, "डॅनी, तो किस्सा सांग." मीही सांगतो. हातवारे करून, आवाज काढून. हा एक मात्र मी उभा राहून कधी सांगितला नाही. म्हणून लिहितो.

आधी काम काय ते सांगतो. शहरात कुठे पाया खणताना, विहिरीचा गाळ काढताना, भंगाराच्या ढिगात जुना तोफगोळा निघाला की पोलिस आम्हाला कळवत. लोकांना वाटतं, आम्ही घाम पुसत लाल वायर कापायची की निळी, याचा विचार करत बसतो. मी त्या प्लॅटूनमध्ये दोन वर्षं होतो. मला एकही वायर दिसली नाही. गंज दिसला. गोळ्याच्या तोंडाशी रिंगने आवळलेली फ्यूज असते, तिच्या आत सुई; ती सुटली की गोळा फुटतो.

नियम सोपा होता. गोळ्याजवळ एका वेळी एकच माणूस. तो नंबर वन. नंबर टू दीडशे पावलं मागे, आडोशाला. त्याच्या कानाला फील्ड टेलिफोन, मांडीवर लॉगबुक. नंबर वन जे करणार, ते आधी तोंडाने सांगतो. नंबर टू वेळ घालून लिहितो आणि म्हणतो, "घेतलं." ते ऐकल्याशिवाय नंबर वन बोट हलवत नाही.

हे कशासाठी, ते आमचे कॅप्टन भिडे नव्या माणसांना पहिल्या दिवशी सांगत. सर जन्माने सदाशिव पेठेतले, त्यामुळे शब्द मोजून वापरत. "नंबर वन उडाला, तर तो काय करताना उडाला हे पुढच्याला कळलं पाहिजे. म्हणजे पुढचा तेच करणार नाही. यात न समजण्यासारखं काही आहे? नसेल तर चहा घ्या."

आमचे नंबर वन होते नायब सुभेदार शांतवन ओहोळ. बुटके, गोल, जाड भिंगांचा चष्मा, मानेमागून बांधलेली त्याची दोरी. प्लॅटूनमध्ये ख्रिस्ती आम्ही दोघेच. योगायोग असा की आमची मंडळी, म्हणजे चर्चही एकच. रविवारच्या उपासनेला ते पहिल्या बाकावर, मी शेवटच्या. शेवटच्या बाकावरून नकला नीट करता येतात.

काम सुरू करण्याआधी ओहोळसाहेब साबणाने हात धुवायचे आणि वाऱ्यावर वाळवायचे. रुमालाला पुसायचे नाहीत. मी एकदा म्हणालो, "साहेब, ऑपरेशनला निघालात की जेवायला?"

"दोन्हीकडे हात स्वच्छ लागतात," ते म्हणाले. "आणि तोंड बंद."

मी त्यांचा नंबर टू झालो, त्या पहिल्याच कामाची गोष्ट. एका विहिरीतून काढलेला गोळा होता. तारेवर त्यांचा आवाज शांत होता. एकेक पायरी सांगत होते, मी लिहीत होतो. मग म्हणाले, "हात काढले."

"हात काढले. घेतलं."

"घाबरलो आहे."

माझी पेन्सिल थांबली. "साहेब?"

"घाबरलो आहे. प्रार्थना करतो. लिही."

"साहेब, ही कृती धरायची का?"

"मी करतोय ना? मग कृती आहे. वेळ घाल."

आणि तारेवरून मला त्यांची प्रार्थना ऐकू आली. मंडळीत पाळक करतात तशी लांबलचक नाही. बायको दुकानात सामान सांगते तशी.

"प्रभू, मला भीती वाटते. ती काढून घे, असं मी म्हणत नाही. ती कामाची आहे. फक्त हातात उतरू देऊ नकोस. आमेन." मग लगेच, "हात परत. फ्यूजचा नॉब उजवीकडे अर्धा."

मी इमानाने लिहिलं: १५२२ हात काढले, प्रार्थना. १५२३ आमेन, हात परत.

लॉगबुकाची प्रत वरच्या ऑफिसला जायची. ती परत आली, तेव्हा त्या ओळीभोवती लाल गोल होता आणि समोर शेरा: "टेलिफोनवर चर्च भरतं काय?" क्लार्कने तो वाचला, म्हणजे बराकीने वाचला. आठवडाभर जेवणाच्या रांगेत माझ्यापुढे ताटं यायची. "पाद्रीबाबा, डाळीला आशीर्वाद द्या, पातळ झाली आहे."

मी जगाला हसवणारा माणूस. पण आपल्यावर कोणी हसलं, की हसवणाऱ्याला जेवढं लागतं तेवढं कोणाला लागत नाही. पुढच्या कामाला तारेवर आवाज आला, "हात काढले. घाबरलो आहे. प्रार्थना." मी म्हणालो, "घेतलं." आणि काही लिहिलं नाही. "हात काढले" पासून "हात परत" पर्यंत सगळं गाळलं. त्याच्या पुढच्या कामालाही तेच. त्याच्या पुढच्यालाही.

पेत्राने येशूला तीनदा नाकारलं, तेव्हा त्याला भानावर आणायला निदान कोंबडा आरवला होता. आमच्या बराकीत कोंबडा नव्हता.

एकदा चहा पिताना मी त्यांना विचारलं, "साहेब, तुमचा देवावर एवढा विश्वास. मग घाबरता कसे?"

"विश्वास असला की भीती जाते, असं तुला कोणी सांगितलं?"

"आपल्या पाळकांनी."

"पाळकांनी गोळा उघडलाय कधी?" त्यांनी बशीतला चहा संपवला. "भीती येते आणि शेजारी बसते. मी तिला म्हणतो, बस बाई. पण हातांना शिवू नकोस. ते मी दुसऱ्याला दिलेत."

"आणि हे मी लॉगमध्ये का लिहायचं?"

"कारण ते घडतं," ओहोळसाहेब म्हणाले. "जे घडतं ते लिहायचं. आपल्याला जे बरं दिसतं, तेवढंच नाही."

मी खाली बघून बशी विसळायला घेतली.

एप्रिल महिन्यातला बुधवार. ०७४० ला पोलिसांचा निरोप आला. बिबवेवाडीच्या पलीकडच्या अंगाला भंगाराच्या वखारीत दोन तोफगोळे. ०८२५ ला आम्ही तिथे पोहोचलो.

वखारीचे मालक रफीकभाई. आजोबांपासून पुण्यात भंगाराचा धंदा. पांढरी दाढी, अंगात बनियन, आणि दोन गोळ्यांबद्दल पाहुण्यांबद्दल बोलावं तसं बोलत होते. "मी म्हटलं पंपाचा काही पार्ट असेल, साहेब. जुन्या लोखंडाच्या लॉटमध्ये आले. आठ दिवस पडून आहेत, मागे, भिंतीला लागून. वर पत्रा टाकून ठेवलाय मी. कोणाला काही त्रास दिला नाही बिचाऱ्यांनी."

"आणि मग?" कॅप्टन भिडेंनी विचारलं.

"काल माझा भाचा आला. तो फौजेत ड्रायव्हर आहे. त्याने बघितलं आणि पळाला. तेव्हा मला कळलं की पंप नाही."

गोळे वखारीच्या मागच्या टोकाला होते. एक भिंतीपासून तीन पावलांवर, दुसरा एका पावलावर. भिंत चांगली दोन मजली उंच, आणि ती रफीकभाईंची नव्हती. ती शेजारच्या गॅस सिलिंडरच्या गोदामाची होती. आत भरलेले सिलिंडर.

पोलिसांनी आजूबाजूच्या चाळी रिकाम्या करायला घेतल्या. स्वारगेटकडून येणारी वाहतूक वळवली. एक आजोबा पंचा गुंडाळून दारात उभे. "स्फोट नक्की किती वाजता आहे? वेळ सांगा, मी त्याआधी आंघोळ उरकतो." एका पोलिसाने त्यांना पंच्यासकट जीपमध्ये घातलं. या धांदलीत गोदामाच्या राखणदारालाही हाकललं. तो शिस्तीचा माणूस. दाराला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि स्कूटरवरून कुठे गेला ते कोणालाच माहीत नाही. पोलिसांनी माणसं बाहेर काढली आणि किल्लीही बाहेर काढली. सिलिंडर आत.

सिलिंडर हलवता आले असते, तर आम्ही त्या गोळ्यांना हातही लावला नसता. वाळूची पोती रचून जागच्या जागी उडवले असते. आता ते शक्य नव्हतं. पत्र्याच्या दाराचं कुलूप तोडायचं, तर घणाचे हादरे थेट त्या भिंतीला. कॅप्टन भिडेंनी तासभर वाट पाहिली. बाहेर रस्त्यावर म्हाताऱ्या, तान्ही पोरं उन्हात बसली होती. शेवटी ओहोळसाहेब म्हणाले, "सर, पहिल्याची फ्यूज सैल होते का बघतो. रिंग गंजलेली आहे, पण आटे पूर्ण गेलेले नाहीत."

"जोर लागला तर थांबायचं."

"हो सर."

त्याआधी ०९१० ला मी आणि त्यांनी मिळून रफीकभाईंचा पत्रा बाजूला केला होता. काम करायला उजेड हवा. दोन्ही गोळ्यांच्या मध्ये आणि भिंतीच्या बाजूला वाळूची पोती रचली होती. गोदामाच्या उंच भिंतीची सावली दोन्ही गोळ्यांवर होती. ओहोळसाहेब वर बघून म्हणाले होते, "सावली छान आहे, डॅनी. वाद्य आणलं असतं तर एक भजन झालं असतं."

"साहेब, तुमच्या आवाजाने दोन्ही उडतील," मी म्हणालो. ते हसले. पोट हलेपर्यंत हसले. त्यांचं ते हसणं मला पाठ आहे. माझ्या नकलांच्या यादीत फक्त तेवढं नाही.

१०२० ला त्यांनी हात धुतले, वाळवले आणि आत गेले. मी रस्त्याकडेला उभ्या ट्रकच्या आडोशाला. कॅप्टन भिडे माझ्या डावीकडे, पोलिसांच्या वायरलेसवर राखणदाराचा शोध घेत होते.

काम सावकाश चाललं. तेलाचा थेंब, मग थांबा. पुन्हा थेंब. ११०१ ला आवाज आला, "रिंग डावीकडे पाव फेरा."

"घेतलं."

"फिरली. जोर नाही लागला."

"घेतलं."

११०५. "आणखी पाव फेरा."

"घेतलं."

"फिरली." मग थोडा वेळ फक्त श्वास. "ऊन आलं इथे. हात काढले."

"घेतलं."

"घाबरलो आहे. प्रार्थना."

मी घड्याळ पाहिलं. सवयीने. ११०७. पेन्सिल कागदावर टेकवून ठेवली. "घेतलं," मी म्हणालो.

"प्रभू, मला भीती वाटते. ती काढून घे, असं मी म्हणत नाही. ती का—"

तार मेली. त्याच क्षणी आवाज आला. लोकांना वाटतं मोठा आवाज म्हणजे 'धडाम'. तसा नव्हता. लोखंडी दार कोणीतरी रागाने आपटावं, तसा. दारू जुनी होती, गोळा अर्धाच फुटला होता. पोती फाटली, भिंत तडकली. भिंत उभी राहिली. वखारीवर धूळ चढली आणि मग हळूहळू बसली.

मी टेलिफोनमध्ये "साहेब, साहेब" म्हणत होतो. कॅप्टन भिडेंनी माझ्या हातातून रिसीव्हर काढून घेतला आणि दुर्बिणीतून बराच वेळ पाहिलं. मग दुर्बीण खाली घेतली.

"गेले," ते म्हणाले.

त्यांनी लॉगबुक घेतलं. शेवटची ओळ वाचली. ११०५ रिंग आणखी पाव फेरा डावीकडे. फिरली.

"रिंग," कॅप्टन म्हणाले. "रिंगमुळे सुई सुटली. म्हणजे दुसऱ्याला हात लावायचा नाही. हात लावला नाही तर तो शंभर वर्षं पडून राहील."

१११४ ला राखणदार स्कूटरवरून आला. त्याला रस्त्यात कोणीतरी सांगितलं होतं. त्याने किल्ली काढून पुढे धरली. कॅप्टन भिडेंनी हुकूम दिला: आमचे आठ जण राखणदारासोबत गोदामात जातील, सिलिंडर बाहेर काढतील, मग दुसरा गोळा जागेवर उडवायचा. निर्णय बरोबर होता. लॉगबुकात जे होतं त्यावरून दुसरा निर्णय कोणीच घेतला नसता. आठ जण रांगेत उभे राहिले. ज्या भिंतीपलीकडे दुसरा गोळा एका पावलावर होता, तिच्या आत ते जाणार होते.

माझ्या कानात शिट्टी वाजत होती. मी दुर्बीण उचलली. मला ओहोळसाहेबांना बघायचं होतं आणि बघायचं नव्हतं, म्हणून मी जमिनीकडे पाहिलं. सकाळी ती भिंतीची सावली तीन पावलांच्याही पुढे पसरली होती. आता दीड पावलावर आली होती. पहिला गोळा होता ती जागा लख्ख उन्हात. दुसरा अजून सावलीत. उन्हाची कड त्याच्यापासून हातभर.

'आठ दिवस पडून आहेत. वर पत्रा टाकून ठेवलाय.' रफीकभाई म्हणाले होते.

'ऊन आलं इथे. हात काढले.'

तेव्हा मला उलगडलं. ओहोळसाहेबांनी गोळ्याला काही केलं नव्हतं. ते हात बाजूला घेऊन बोलत होते. गंजाने अडकून बसलेली सुई होती, लोखंड उन्हात तापलं, फुगलं, गंजाने ती सोडली. आठ दिवस ते जिच्याखाली गप्प पडले होते ती पत्र्याची सावली आम्ही, मी आणि ओहोळसाहेब, दोन टोकं धरून बाजूला ठेवली होती. आणि दुसऱ्याला हात न लावणं पुरेसं नव्हतं. त्याच्यापर्यंत ऊन पंधरा मिनिटांत पोहोचणार होतं.

हे सिद्ध करणारी एकच गोष्ट जगात होती आणि ती लॉगबुकात नव्हती.

"सर," मी म्हणालो. "लॉगमध्ये एक नोंद नाही."

कॅप्टन भिडे वळले. "कसली?"

"११०७. हात काढले. प्रार्थना."

"तू ऐकलंस?"

"हो सर. 'घेतलं' म्हणालो. लिहिलं नाही."

"आजच?"

"नाही सर. कधीच लिहीत नव्हतो. लाल शेरा आल्यापासून."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पुणेरी माणसाला टोचून बोलायला सेकंद लागत नाही. ते काही बोलले नाहीत. मला आजही वाटतं, बोलायला हवे होते.

"हात काढलेले होते. नक्की?"

"नक्की सर. हात काढल्याशिवाय ते कधीच प्रार्थना करत नव्हते."

"मग तो आपोआप गेला."

"ऊन, सर."

त्यांनी एकदा दुर्बिणीतून पाहिलं आणि मग गोदामाच्या दाराकडे ओरडले. मी त्यांचा तो आवाज आधी कधी ऐकला नव्हता. "सगळे मागे! किल्ली लावू नका! मागे!"

दुसऱ्यावर सावली धरायची होती. त्याला धक्का न लावता. ट्रकमध्ये ताडपत्री होती, तंबूचे बांबू होते. कॅप्टन भिडे बांबू उचलायला लागले.

"सर, नंबर टू मी होतो. नियमाने पुढचा मी."

"आणि लिहिणार कोण?"

"तुम्ही, सर. तुमचं अक्षर चांगलं आहे."

त्यांनी माझ्या हातात दुसरा टेलिफोन दिला. "निघ."

दीडशे पावलं. मी मोजायला सुरुवात केली आणि चाळीसनंतर आकडे विसरलो. तोंडात थुंकी नव्हती. आयुष्यभर मी भीतीवर विनोद केले होते आणि त्या दिवशी एकही सुचला नाही. डावीकडे मी पाहिलं नाही. पायाखाली चष्म्याची दोरी आली. मी तिच्यावर पाय दिला नाही.

उन्हाची कड गोळ्यापासून वीतभर होती. मी टेकलो. बांबू हातात घेतला आणि तो वाजायला लागला. माझ्या हातात तो टकटक वाजत होता. गोळा एका फुटावर.

मी बांबू खाली ठेवला. "हात काढले," मी म्हणालो.

"हात काढले. घेतलं." कॅप्टन भिडेंचा आवाज.

"घाबरलोय."

"घेतलं."

"प्रार्थना, सर."

"११२६. प्रार्थना. घेतलं."

मला दुसरी प्रार्थना येत नव्हती असं नाही. लहानपणापासून शेकडो पाठ होत्या. पण तोंडात ती एकच आली. "प्रभू, मला भीती वाटते. ती काढून घे, असं मी म्हणत नाही. ती कामाची आहे. फक्त हातात उतरू देऊ नकोस."

मी गप्प झालो. खरं सांगतो, कोणताही प्रकाश पडला नाही. भीती होती तिथेच, शेजारी, मांडी घालून बसलेली. ती गेली नाही. पण मला कळलं की मी एकटा बसलेलो नाही. इथे, या चार फुटांत, वीस मिनिटांपूर्वी एक माणूस हेच बोलत होता, आणि ज्याच्याशी तो बोलत होता तो अजून इथून गेलेला नाही. मी हातांकडे पाहिलं. ते थांबले होते.

कानात आवाज आला. "आमेन झालं का? ते सांगितल्याशिवाय मी पुढची ओळ लिहिणार नाही."

"आमेन, सर."

"११२७. आमेन. घेतलं."

"हात परत. पहिला बांबू, उजवीकडे."

"घेतलं."

११३३ ला ताडपत्रीची सावली दुसऱ्या गोळ्यावर होती. ११३५ ला मी ट्रकमागे पोहोचलो आणि ओकलो. पाऊण तास आम्ही गोळ्यावर नजर ठेवली. मग सिलिंडर काढले. १४१० ला दुसरा गोळा वाळूच्या पोत्यांमध्ये लांबून उडवला. बाकी कोणाला खरचटलंही नाही. पंच्यातले आजोबा संध्याकाळी घरी गेले.

ओहोळसाहेबांना आम्ही १४४० ला उचललं. चार जण होतो. डॉक्टरांनी रिपोर्टमध्ये लिहिलं: दोन्ही हात शाबूत. चौकशीत तोच पुरावा ठरला. ११०७ ची ओळ मी माझ्या हाताने लॉगबुकात लिहिली, बाजूला 'उशिरा केलेली नोंद' असं लिहून सही केली. माझ्या कागदांवर लाल शाई आली. ती रास्त होती.

ती नोंद करताना मी मागची पानं उलटली. प्रत्येक कामाच्या शेवटी नंबर वनची सही असते. सगळं वाचून केलेली. प्रत्येक पानाखाली होती: शा. ओहोळ. सुबक, गोल, त्यांच्यासारखीच. एकाही पानावर त्यांची प्रार्थना नव्हती, आणि प्रत्येक पानावर त्यांची सही होती.

माती दिल्यावर तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या क्वार्टरमध्ये गेलो. त्यांच्या पत्नी, एस्तरवहिनी, तांदूळ निवडत बसल्या होत्या. एका माणसाच्या मानाने तांदूळ जास्त होते.

"शेवटचं काय बोलले?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. हात काढले. घाबरलो आहे. प्रार्थना.

त्यांचे हात थांबले. "घाबरलो आहे, म्हणाले?"

"हो वहिनी. दर वेळी म्हणायचे."

"घरी एकदाही नाही म्हणाले. सव्वीस वर्षं." त्यांनी ताट बाजूला सरकवलं. "मी विचारायची, भीती नाही वाटत? म्हणायचे, वाटायचीय कशाला. मला नाही सांगितलं. टेलिफोनला सांगितलं."

मग मी ते सांगितलं, जे सांगायला आलो होतो. की मी ती ओळ कधीच लिहीत नव्हतो. की मी त्यांना खोटं 'घेतलं' म्हणत होतो. त्या रडतील, मला हाकलतील, याची तयारी करून आलो होतो.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या.

"काय?"

"ते सांगायचे घरी. डॅनी माझी ओळ लिहीत नाही. मी म्हटलं, मग रागवा त्याला, तुम्ही साहेब आहात ना. म्हणाले, कशाला. लाजतो. एक दिवस आपण होऊन लिहील."

मी तिथे किती वेळ बसलो, त्याची नोंद नाही.

त्याला आता खूप वर्षं झाली. मी रिटायर झालो, कॅप्टन भिडे बरेच मोठे होऊन रिटायर झाले, रफीकभाई गेले. दर वर्षी त्या तारखेला मी एस्तरवहिनींना रिक्षातून दफनभूमीत नेतो. दगडावर नाव आहे, हुद्दा आहे. सर कधीतरी येतात, मागे उभे राहतात. ११०७ झाले की आम्ही त्यांची प्रार्थना म्हणतो. ते जिथपर्यंत पोहोचले होते तिथपर्यंत वहिनी म्हणतात. पुढचं, जे त्यांचं राहिलं, ते मी म्हणतो. मग दोघं मिळून आमेन.

त्यानंतर वहिनी हात पुढे करतात. "लिहिलंस?"

माझ्या खिशात छोटी वही असते. मी "हो" म्हटलेलं त्यांना पुरत नाही. त्या पर्समधून चष्मा काढतात, वही डोळ्यांजवळ धरतात आणि स्वतः वाचतात. त्यांचा माझ्यावर विश्वास नाही, आणि ते बरोबर आहे.

नायब सुभेदार शांतवन ओहोळ. ११०७ हात काढले. प्रार्थना. ११०८ आमेन.